एका हाताने लागणारा फाळका

रविवारी सकाळी मासवणला होतो. काम संपलं, पॉवर टिलर ट्रॉलीत चढवला आणि ट्रॉलीचा मागचा फाळका मी एका हाताने उचलून बंद केला... एकट्याने, आयुष्यात पहिल्यांदा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी बोईसरला एका कंपनीत मेंटेनन्स फिटर आहे, घर सफाळ्याच्या आतल्या बाजूला. सुट्टीच्या दिवशी लोकांना भातशेतीची चिखलणी करून देतो. जुन्या जीपमागे ट्रॉली, ट्रॉलीत टिलर.

फाळका जाड लोखंडाचा आहे, कारण खाली पाडला की त्याच्याच उतारावरून टिलर वर चढवायचा असतो. त्यामुळे तो उचलायला दोन माणसं लागतात.

दुसरं माणूस म्हणजे वैशाली, माझी बायको. पालघरला नर्स होती, रविवारी ड्युटी नसली की माझ्याबरोबर यायची. डावी बाजू माझी, उजवी तिची. ओढणी कमरेला घट्ट बांधून म्हणायची, "चला, उचला." फाळका लागला की आम्ही तिथेच बांधावर बसून थर्मासमधला चहा प्यायचो.

त्या चहासाठी मी लांबची कामंसुद्धा घ्यायचो... हे तिला कधी बोललो नाही.

मग तिला मस्कतच्या हॉस्पिटलात नोकरी लागली. दोन वर्षांचं काँट्रॅक्ट. मोठ्या हॉस्पिटलात काम करायची तिची किती वर्षांची इच्छा, मीच म्हणालो जा. तिला जाऊन आता चौदा महिने झाले.

ती गेल्यापासून प्रत्येक शेतावर "जरा हात लावता का" करत फिरायचो. लोक यायचे, नाही असं नाही. पण एकदा आजूबाजूला कोणीच नव्हतं. एकट्याने उचलायला गेलो आणि फाळका हातातून सुटला... सेफ्टी शूज होते म्हणून पाय वाचला, अंगठ्याचं नख मात्र काळंनिळं झालं. वैशालीला यातलं काही कळू दिलं नाही.

त्याच आठवड्यात बोईसरच्या एका भंगारवाल्याकडे गेलो. कोपऱ्यात दोन लांबलचक स्प्रिंगा पडल्या होत्या, चांगल्या दणकट. विचारलं, "ये कौन सी मशीन का है?" तो म्हणाला, "मशीन तो कट गया साहब, स्प्रिंग बच गया." घेऊन आलो.

कल्पना साधी होती. ट्रॉलीच्या बाजूला आडवा पाइप, त्यात स्प्रिंग. स्प्रिंगला वायर रोप, तो पुलीवरून फाळक्याच्या वरच्या कोपऱ्याला. फाळका खाली येताना स्प्रिंग ताणली जाते आणि वर नेताना तीच ओढायला मदत करते.

आधी वाटलं, एकाच बाजूला पुरे. तर फाळका तिरका वर आला आणि मध्येच अडकून बसला! मग दोन्ही बाजूंना लावल्या, तर ताण इतका झाला की फाळका खाली टेकेनाच. सैल कर, परत बघ, परत सैल कर... असे तीन रविवार अंगणात गेले. उजव्या कोपऱ्याला रोप अडकवताना मात्र उगाच वेळ लागला. तिथे तिचा हात असायचा.

तर मासवणला फाळका लागला तेव्हा शेतमालक काका बघत होते. हसून म्हणाले, "आरे वा! आता तुला कोनाची गरज नाय!"

मीही हसलो. काका घरी गेले, मी बांधावर बसून थर्मास उघडला. चहा ओतला आणि तसाच हातात धरून बसलो... शेवटी वैशालीला व्हिडिओ कॉल लावला. ती नेमकी ब्रेकवर होती.

तिला फाळका एकदा पाडून, एकदा लावून दाखवला. मग माझ्याच तोंडून निघून गेलं, "तू असतीस तर हे बनवलंच नसतं."

"मग बरं झालं मी नव्हते," ती म्हणाली. "अहो, त्या फाळक्यानं माजी कंबर पार गेली होती. तुमी शिफ्टला गेलात की मी शेक घेत बसायची."

एवढ्या वर्षांत एकदाही... "मग सांगितलं का नाय?"

"सांगितलं असतं तर तुमी मला नेलं नसतं."

मी मोबाइल जरा बाजूला धरला. तिला तोंड दाखवायची सोय नव्हती.

मग मीही अंगठ्याचं सांगून टाकलं. नर्सच्या आवाजात दोन मिनिटं ओरडली, कॅमेऱ्यासमोर बूट-मोजा काढायला लावला, नख बघितलं, मगच गप्प झाली. ब्रेक संपत आला तेव्हा हळूच म्हणाली, "मी आले तरी ते काडू नका हां. मी येईन... पन फाळका तुमीच लावायचा."

इतकी वर्षं मला वाटत होतं, मी तिला मदतीला नेतो. ती दुखणारी कंबर घेऊन माझ्यासोबत बसायला येत होती.

अजून दहा महिने आहेत. निघताना काकांच्या घरावरून गेलो, तर ते दारातून विचारत होते, पुढच्या वर्षी चिखलणीला येशील ना?

म्हटलं, दोघं येऊ.