वर्षाच्या नावापुढचं शून्य

वर्षा गेली, हे मला लाखांदूरच्या एका राइस मिलच्या अंगणात कळलं. फोन तिच्या मोठ्या भावाचा, नरेशभाऊंचा. "ज्योती, वर्षा गेली वं... सकाळी अटॅक आला." मी होते तिथेच पायरीवर बसले. आणि मग त्याच फोनवर, त्याच आवाजात, "सॉफ्टवेअरचा पासवर्ड तुयापाशीच आहे ना?" दुःखात माणूस काहीही बोलतो, अशी त्या दिवशी मी स्वतःची समजूत घातली. आता नाही घालत.

साकोलीत हायवेलगत, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर आमची छोटी कंपनी. वर्षा आणि मी शाळेपासूनच्या मैत्रिणी, ती कॉमर्सची, मी कॉम्प्युटरची. कुणाला आपली मिल विकायची असो, भावाभावांत वाटायची असो की नवं मशीन घ्यायचं असो, चालत्या धंद्याची खरी किंमत किती आणि त्यातला कोणता मार्ग परवडेल हे सांगणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवलं. विचार तिचा, आकडेमोड तिची. मी फक्त ते कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलं. कागदावर मालक मात्र नरेशभाऊ, कारण मिलवाले बाईमाणसापुढे आपला धंदा उघडा करत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. वर्षा हसून हो म्हणाली होती. मला तिच्या त्या हसण्याचाही राग यायचा. जिल्हाभरच्या लोकांना निर्णय घ्यायला शिकवणारी ही बाई हॉटेलात समोसा की आलुबोंडा यावर चहा थंड होईपर्यंत अडून बसायची आणि शेवटी माझ्याच प्लेटमधला उचलायची...

पण कामात तिला कुणी हलवू शकत नसे. कारध्याच्या बाजूच्या एका मिलवर आम्ही गेलो होतो. मालकाला मिल विकायची होती. सगळं आपण एकट्यानं उभं केलं, असं तो रंगवून सांगत होता, आणि त्याच वेळी त्याची बायको काट्यावर धानाची पोती मोजून घेत ट्रकवाल्याशी भांडत होती. वर्षा म्हणाली, "भाऊ, उद्या वैनी माहेरी गेल्या त काट्यावर कोण बसन?" तो म्हणाला, "ठेवीन ना कोणालेतरी." "मंग त्याचा पगार लावा ना खर्चात. घेणाऱ्याले त द्यावाच लागन." पगार लावला, नफा उतरला, मिलची किंमतही उतरली. मालक चहा अर्धा टाकून उठला. त्या दिवसापासून सॉफ्टवेअरमध्ये एक नवा रकाना आला, ‘घरचे हात’. पगार न घेता कोण काय काम करतं, ते त्यात भरायचं. त्या रकान्यापायी गिऱ्हाइकं तुटली, नरेशभाऊंनी आकांडतांडव केलं, पण ती म्हणाली, "भाव कमी येते म्हणून खोटं लिहाचं काय?" विषय संपला.

तेरवीच्या आधीच साकोलीच्या चौकात श्रद्धांजलीचा बॅनर लागला. त्यावर तिची ओळख काय, तर ‘उद्योजक नरेशभाऊ यांच्या भगिनी’. मी भर चौकात उभी राहून तो पुन्हा पुन्हा वाचला. डोळ्यांत पाणी आलं ते दुःखाचं नव्हतं, एवढं मला नक्की माहीत आहे. आणि तेरवी होते न होते तोच नरेशभाऊंनी कंपनी विकायला काढली. किंमत काढली आमच्याच सॉफ्टवेअरवर. मी फाइल उघडून पाहिली. ‘घरचे हात’मध्ये शून्य! कंपनीतून एका दिवसाचाही पगार न घेतलेल्या बाईच्या नावापुढे, तिनेच बनवलेल्या रकान्यात, शून्य. "भाऊ, हे काहून?" मी विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "ती त घरचीच होती ना."

याच एका वाक्याशी ती जन्मभर भांडली. तेही दुसऱ्यांच्या बायकांसाठी...

नागपूरहून कंपनी घ्यायला एक गृहस्थ आले, तेव्हा कॉम्प्युटरपुढे मी बसले. त्यांच्यादेखत ते शून्य पुसलं आणि भरत गेले. मिलमिल फिरून माहिती आणणं, वर्षा. हिशेबाची सगळी सूत्रं, वर्षा. गिऱ्हाइकांना शिकवणं, त्यांची भांडणं सोडवणं, वर्षा. नरेशभाऊंचा चेहरा उतरत गेला. "हे काय करून राहिली तू?" ते दबक्या आवाजात म्हणाले. मी म्हटलं, "घरचीच होती ना, तेच लिहून राहिले."

रकाना भरला की पुढचा प्रश्न येतो: ‘यांच्या जागी कोण येणार?’ तिथे नाव टाकल्याशिवाय किंमत दिसत नाही. वर्षानेच तसं करून ठेवलं आहे. पाहुण्यांनी नरेशभाऊंकडे पाहिलं, नरेशभाऊंनी माझ्याकडे. सॉफ्टवेअर बदलायचा पासवर्ड माझ्यापाशी आहे, तो प्रश्न मला काढून टाकता आला असता. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. पाहुणे चहा घेऊन गेले, ते परत आलेले नाहीत. माडीवरच्या त्या कॉम्प्युटरवर फाइल अजून त्याच प्रश्नापाशी अडून आहे.

अडू दे.