नवरीची गाडी सांडोरला तापली

कल्याणहून निघालो तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि गाडी इतकी गार होती की चोक ओढून चार वेळा चावी फिरवावी लागली. हे आवर्जून लिहितो, कारण पुढे दिवसभर सगळे विचारत राहिले, "ही कधी गार असते का?" असते. मी पाहिली आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं, महिना जानेवारीचा. माझ्याकडे तेव्हा एक सेकंडहँड चॉकलेटी फियाट होती. रविवारी मंडईपर्यंत न्यायची, भाजी भरून परत आणायची आणि मग तासभर फडक्यानं पुसायची, एवढाच तिचा प्रवास. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर फ्रान्सिस बसायचा. वसईजवळच्या सांडोर गावचा, बोलायला मऊ माणूस. त्याच्या मुलीचं, रोझलिनचं, लग्न ठरलं आणि नवरीला चर्चमध्ये न्यायला त्यानं भाड्याची गाडी सांगितली.

"माझी फियाट असताना भाड्याची?" मी म्हणालो.

तो दोन दिवस नको नको म्हणत होता. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर फोन करून त्यानं ती गाडी रद्द केली, तेव्हा कुठे मी गप्प झालो. म्हणजे चार वाजता पापडीच्या चर्चच्या दारात नवरी उतरली नाही, तर दोष कुणाचा, हे पूर्ण ऑफिसला आधीच ठाऊक होतं.

माझी पत्नी सुमन शेजारच्या सीटवर बसली होती. मांडीवर लग्नाची पत्रिका, पायाशी आहेराची पिशवी.

"आपण नऊ तास आधी निघालोय," ती म्हणाली. "गाडीवर एवढा विश्वास आहे का तुमचा?"

भिवंडी मागे पडली. वीटभट्ट्यांचा धूर सरळ वर जात होता, भाताची खाचरं कापून मोकळी झाली होती. कामणकडे रस्ता चढू लागला, दोन्ही बाजूंना टेकड्या आल्या, हवा अशी गोड की मी काच खाली करून शीळ घातली. सुमन म्हणाली, "तो काटा असा का उभा राहिलाय?"

डॅशबोर्डवर इंजिनाची उष्णता दाखवणारा एक काटा असतो. त्या दिवसापर्यंत मी त्याला शोभेचा समजत होतो. तो लाल रेघेला टेकला होता. बॉनेटच्या फटीतून वाफ येऊ लागली आणि गाडीनं माझ्याआधी निर्णय घेऊन थांबायला जागा शोधली.

अर्धा तास झाडाखाली बसलो. एका टपरीवाल्यानं चहा दिला आणि त्यासोबत सल्ला, की रेडिओ लावत जाऊ नका, इंजिनावर लोड येतो. गाडीला रेडिओ नव्हता. तरी मी मान डोलावली.

पुन्हा निघालो. चिंचोटीला हमरस्ता लागला तिथे उजवीकडे वळायचं होतं. माझं सगळं लक्ष काट्यावर. मी सरळ गेलो आणि जूचंद्रला पोचलो. पुढे मिठागरं दिसली. उन्हात पांढऱ्या राशी चमकत होत्या, मध्ये आरशासारखे पाण्याचे चौकोन, त्यांच्या कडेनं बगळे संथपणे फिरत होते. फार सुंदर देखावा. मला तो निवांत पाहायला मिळाला, कारण गाडी पुन्हा बंद पडली होती.

या वेळी मी पुरुषासारखं काहीतरी करायचं ठरवलं. रुमाल हाताला गुंडाळला आणि रेडिएटरचं झाकण फिरवायला वाकलो.

"ए भाऊ, हात लावू नको."

बांधावरून एक बाई येत होती. डोक्यावर हंडा, साडीचा काष्टा, चाल अशी की हंड्यातलं पाणीसुद्धा हलत नव्हतं.

"भात शिजताना झाकन काढलं तर वाफ तोंडावर येते का नाय?" तिनं विचारलं.

"येते."

"ती घरची वाफ असते, तरी भाजते. ही तर लोखंडाची."

तिनं आम्हांला तिच्या अंगणातल्या आंब्याखाली बसवलं. इंजिन निवल्यावर मी मिठागराच्या पाण्याकडे बोट दाखवून विचारलं, तेवढं घेऊ का? ती सुमनकडे पाहून हसली. "वयनी, यांना घरी काय काम सांगत नाय ना तुमी? खारं पानी पत्रा खातं." मग तिनं स्वतःच्या हंड्यातलं गोड पाणी दिलं. नळ गावात दिवसातून एकदाच यायचा, हे आम्हांला निघताना कळलं. सुमननं आहेराच्या पिशवीतला पेढ्यांचा पुडा काढून तिच्या हातात ठेवला.

वसईतून पुढे आणखी दोनदा थांबलो. साडेबारा वाजता सांडोरच्या अरुंद रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना केळीच्या वाड्या (बागा), मध्ये विहिरी, एका वळणावर बावखल (गावातलं गोड्या पाण्याचं लहान तळं), त्यात बदकं. वाड्यांतल्या गारव्यात शिरलं की अंगावर कुणी ओला पंचा टाकावा तसं वाटत होतं. आम्हांला. गाडीला नाही.

लग्नघराच्या मांडवात बँडवाले सनई आणि ट्रम्पेट घेऊन बसले होते. पाहुणे आले म्हणून त्यांनी वाजवायला घेतलं, तेवढ्यात गाडीनं दारातच अशी शिट्टी मारली की ट्रम्पेटवाला थांबून तिच्याकडे आदरानं पाहू लागला. फ्रान्सिस धावत आला. वाफेतून त्याचा चेहरा मला नीट दिसला नाही, हे बरं झालं.

"काही नाही," मी म्हणालो. "जरा तापलीये."

 फ्रान्सिसनं मांडवाबाहेर उभ्या असलेल्या टेम्पोकडे पाहिलं. त्यात खुर्च्या भरल्या होत्या. गावात त्या दिवशी आणखी दोन लग्नं होती आणि भाड्याची एकही गाडी शिल्लक नव्हती. खिडकीतून रोझलिन डोकावली, केसांत पिना, अंगावर घरचाच झगा.

"अंकल, टेन्शन घेऊ नका. टेम्पोतून गेलं तरी लग्न लागतं."

तिला हसू येत होतं. तिच्या बापाला येत नव्हतं.

मग मागच्या वाडीतून मनवेलकाका आले. फ्रान्सिसचे थोरले भाऊ, साठीच्या पुढचे, कमरेला खोचलेला टॉवेल, हातात पाना. केळीच्या वाड्यांवर पाणी चढवणारी इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी गाडीला एक फेरी मारली.

"गाडीचं मला कळत नाय," ते म्हणाले. "इंजिनचं कळतं. किती वाजता पायजे?"

"साडेतीनला निघायचंय."

"मग तुमी जेवा."

मला घास उतरणार नव्हता, असं मी सुमनला सांगितलं आणि मटण तीनदा घेतलं. खाता खाता एक डोळा काकांवर. ते घाई करत नव्हते. एकेका गोष्टीवरचा संशय काढून टाकायचा, अशी त्यांची रीत. पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबून पाहिला, घट्ट होता. नळ्या चाचपल्या, कुठे गळती नव्हती. तेलाची पट्टी काढून बोटांत तेल चोळलं, त्यात पाणी मिसळलेलं नव्हतं. मग इंजिनाच्या डोक्यावरचे दोन बोल्ट काढून आतून वाटीएवढी एक पितळी वस्तू बाहेर काढली.

"हा थर्मास्टॅट. इंजिन गरम झालं की यानं उघडायचं आनि पानी रेडिएटरकडे सोडायचं. हा झोपला असेल, तर झालं."

ती वस्तू दोरीला बांधून ते स्वयंपाकाच्या मांडवात गेले. तिथे चुलीवर पाण्याचं भलंमोठं पातेलं आधणाला ठेवलेलं होतं. स्वयंपाक पाहणारी बाई पळी घेऊन आडवी आली.

"मनवेल, त्यात भात टाकायचाय."

"याला फक्त आंघोळ घालतो."

"तुज्या घरच्या पातेल्यात घाल."

शेवटी वेगळ्या टोपात पाणी मिळालं. आम्ही सहा-सात माणसं त्या टोपाभोवती वाकून उभे. पाणी उकळायला लागलं आणि उकडलेल्या तिसरीच्या शिंपल्यासारखा तो थर्मास्टॅट सावकाश उघडला. सगळ्यांनी वाहवा केली. मला कळेना, यात आनंद मानायचा की कसं.

"हा जागा हाय," काका म्हणाले. "म्हनजे चोर दुसरा."

दोन वाजून गेले होते. थर्मास्टॅट परत बसवायचा तर खालची कागदी चकती, गॅस्केट, काढताना फाटली होती. वसईला जाऊन नवी आणायला वेळ नव्हता. काकांनी हात पुढे केला. "जाड कागद द्या कोनतरी." सुमनच्या हातात पत्रिका होती. त्यांनी ती धातूवर धरून पान्याच्या टोकानं कडेकडेनं ठोकली, बरोब्बर त्या मापाची चकती कापली गेली. तिला ग्रीस लावताना माझ्या लक्षात आलं, की रोझलिनचं नाव इंजिनात चाललंय.

पाणी भरून गाडी चालू केली. पाच मिनिटांत काटा पुन्हा चढू लागला. आता फ्रान्सिस खुर्च्या उतरवायला टेम्पोकडे निघाला होता. मी त्याला थांबवू शकलो नाही. काय सांगून थांबवणार?

काकांनी खिशातून चर्चमधल्या गाण्यांचा छापील कागद काढला. आधी टेम्पो चालू करायला लावला आणि कागद त्याच्या तोंडासमोर धरला. पंख्यानं हवा ओढली, कागद जाळीला थापकन चिकटला. मग तोच कागद आमच्या गाडीच्या जाळीसमोर धरला. इंजिन धडधडत होतं. कागद लोंबकळत राहिला.

"बघा," काका म्हणाले. "पंखा फिरतो, पन गाडी श्वास घेत नाय. हिच्या नाकात कायतरी हाय."

वरून पाहिलं तर रेडिएटरपुढे एक काळपट पत्रा दिसत होता. तो गाडीचाच असणार, असं मी सकाळपासून समजत होतो. काकांनी फटीत हात घातला, कोपरापर्यंत. ओढलं. चिखल, धूळ आणि किड्यांनी भरलेला एक जाड चौकोन बाहेर आला. त्यांनी टॉवेलनं त्यावर एक हात फिरवला. मग पटकन पाना खाली ठेवला आणि तो चौकोन दोन्ही हातांनी धरला.

आत गणपती होता.

 माझ्या डोक्यात मागचा जून उजेडासारखा लखकन आला. आमच्या इमारतीतल्या एका जाणकारांनी सांगितलं होतं, पावसाचं पाणी जाळीतून थेट करंट वाटणाऱ्या डबीवर उडतं आणि गाडी बंद पडते, तेव्हा पावसाळ्यापुरतं पुढे काहीतरी आडवं सरकवा. घरात आदल्या वर्षीचं कॅलेंडरवरचं गणपतीचं चित्र होतं, प्लास्टिकमध्ये मढवलेलं. देवाचं चित्र, कचऱ्यात कसं टाकणार? मी ते सरकवलं. पाऊस संपला. भाजी आणण्याच्या अंतरात इंजिन तापायचंच नाही. मी विसरलो.

सुमन पुढे आली. तिनं चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अहो, यांचं तुम्ही विसर्जन केलं होतं ना? गणेश घाटावर जाऊन?"

मी असं सांगितलं होतं खरं.

"आठ महिने," ती म्हणाली, "बाप्पांना तुम्ही तिथे बसवलंत."

"निदान रस्ता दिसेल असं तोंड बाहेर करून बसवलं होतं," मी म्हणालो.

पहिल्यांदा कोण हसलं ते आठवत नाही, बहुतेक ती पळीवाली बाई. मग सगळा मांडव हसू लागला. खुर्च्या अर्ध्यावर टाकून आलेला फ्रान्सिस हसता हसता माझ्या खांद्याला धरून उभा राहिला. मनवेलकाकांनी मात्र चित्र स्वच्छ धुतलं, जमिनीवर न ठेवता केळीच्या पानावर ठेवलं आणि ते पान घराच्या ओट्यावर, उंच जागी.

"गाडीत खोट नाय," ते मला म्हणाले. पुढचं बोलले नाहीत. त्यांचा स्वभाव चांगला होता.

साडेतीनला रिबिनी बांधलेली फियाट सांडोरहून निघाली. मी चालवत होतो, शेजारी फ्रान्सिस, मागे पांढऱ्या झग्यात रोझलिन आणि झगा सांभाळायला सुमन. सगळी गाडी त्या काट्याकडे पाहत होती. डोक्यावरचा जाळीचा पदर मागे टाकून नवरी दोन सीटच्या मधून पुढे वाकली होती.

"अर्ध्यावर आहे, अंकल."

वाड्या मागे गेल्या.

"अजून अर्ध्यावरच."

"बाय, नीट बस. झगा चुरगळतोय," फ्रान्सिस म्हणाला.

"डॅडी, तुम्ही रडू नका. मी काटा बघतेय ना."

तो रडत होता हे मला तिच्यामुळे कळलं. पापडीच्या चर्चसमोर गाडी थांबली तेव्हा घंटा वाजत होती. रोझलिन उतरली, बापाच्या हातात हात घालून चार पावलं गेली आणि मागे वळून तिनं बोटांनी अर्ध्यावरची खूण केली.

रात्री आम्हांला कुणी सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताना निघालो, तेव्हा डिकीत केळीचा घड होता आणि केळीच्या सुक्या सोपटात बांधलेली सुकेळी (वाळवलेली गोड केळी). बाप्पा सुमनच्या मांडीवर होते. कामणच्या उतारावर मी म्हणालो, वाटेत एखादी नदी पाहून विसर्जन करू या.

"काही नको," ती म्हणाली. "खूप वारा खाल्लाय त्यांनी. आता घरात बसू देत."

ते आमच्या स्वयंपाकघरात बसले. कडेला किड्यांचे डाग आहेत, ते जात नाहीत. दर दिवाळीआधी ऑफिसात फ्रान्सिस माझ्या टेबलाशी येऊन विचारायचा, "मनवेलदादा विचारतोय, बाप्पा गाडीत की घरात?" मी पुढे पावसाळ्यात प्लास्टिकची पिशवी लावत असे आणि काढत असे.

प्रवासात माणसानं काय काय पाहावं, याची माझी यादी मोठी असायची. त्या दिवशी मी मिठागरं पाहिली, बावखलं पाहिली, पण स्वतःच्या गाडीच्या नाकासमोर काय आहे ते मला दुसऱ्या गावच्या माणसानं दाखवलं. गाडी पुढे सहा वर्षं चालली. विकताना घेणाऱ्यानं विचारलं, इंजिनाचं काही काम काढलंय का? मी म्हणालो, थोडंसं. नंतर एकदा रोझलिननं सुमनला लाडानं विचारलं, "आंटी, माझ्या लग्नाची पत्रिका ठेवलीये का जपून?"

सुमननं माझ्याकडे पाहिलं. ठेवली होती. पण ती तेव्हा कुणातरी अनोळखी माणसाच्या गाडीत, अगदी योग्य उष्णतेवर, फिरत होती.