फलाट तीनवर गोगलगाय

दुपारी ओसरीवर आरामखुर्चीत माझे डोळे मिटताहेत. एक हात खाली लोंबतोय, दूरच्या डोंगरातल्या नर्सरीतून मागवलेल्या फर्नच्या कुंड्यांपाशी. शेजारी ढब्बू खोकतोय. औषधं झाली, काढे झाले, आमच्या कुत्र्याचा खोकला काही हटत नाही; काल तर दारापर्यंत जाऊन धापा टाकत बसला. सकाळी डॉ. पोतनीस फोनवर म्हणाले, "गोगलगाय खाल्ली की कुत्र्याच्या फुप्फुसात जंत होतात, जीवही जातो. पण ते तिकडे ओल्या मुलखात. आपल्या सोलापुरात कुठली आलीय गोगलगाय?"

ओसरीचा एस.टी. स्टँड होतो. कंट्रोलरच्या खिडकीत हे बसलेत, हातात माइक. जाऊन दोन वर्षं झाली तरी शर्टाची इस्त्री तश्शी कडक. मला रडूच येतं.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे," हे घसा खाकरतात. "डोंगराकडून आलेली गोगलगाय फलाट क्रमांक तीनवर लागत आहे."

माझं रडू पळतं. जन्मभर ह्यांनी मलाच गोगलगाय म्हटलं. कुठं जायचं असलं की मी 'निघालेच' म्हणायची आणि आरशासमोरून हलायची नाही, म्हणून.

"अहो, गेल्यावरही तेच का?"

"अगं, तुला नाही म्हणत. खाली बघ की."

फलाटावर माझ्याच कुंड्या उतरताहेत, ओली माती सांडतेय. ढब्बू त्यांच्यामधून वाट काढत थेट ह्यांच्या खिडकीखाली जाऊन शेपूट हलवतो.

"ह्याला एवढ्यात नको पाठवू माझ्याकडं," हे हळूच म्हणतात. "तुझ्यापाशी कोण राहील मग?"

"तुम्ही या ना."

"ड्यूटी आहे गं." हे खिडकीतून हात काढतात आणि माझ्या तळहातावर बोट फिरवतात. बोट गार आहे, ओलं आहे. मला ते सोडवत नाही.

ढब्बूच्या खोकल्यानं जाग येते. तळहातावर चकचकीत ओली रेघ आहे. तशीच रेघ कुंडीवरून खाली उतरलीय, ढब्बूच्या पाण्याच्या भांड्यापर्यंत. भांड्याच्या काठावर इवलीशी गोगलगाय शिंगं काढून बसलीय.

मी भांडं उचलून घेते आणि फोन लावते.

"डॉक्टर, आपल्याकडेही आलीय."

ते लगेच म्हणतात, "त्याची शी तपासू. जंत निघाले तर औषध आहे. कधी आणताय?"

"निघालेच," मी म्हणते आणि विस्कटलेल्या केसांनी, ढब्बूला कडेवर घेऊन खरंच निघते.