दीपगृहाच्या वाटेवरची हाक

रिटायर झाल्यावर नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकच गोष्ट मागितली. म्हणाले, "मला एकदा समुद्राला जायचंय. कोकणात एक जुनं लाइटहाउस हाय, ते बघायचंय."

पोळ्या करता करता आईचा हात थांबला. नाना गेली तेरा वर्षं पाण्याजवळ फिरकले नव्हते. ओझरहून नाशिकला जाताना एसटी गोदावरीच्या पुलावर आली की ते डोळे मिटून घ्यायचे, आणि पूल संपला हे आम्हाला सांगावं लागायचं.

त्याचं कारण घरात कधी बोललं जात नसे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. सायखेड्याला आमचं मूळ घर. दिवाळीच्या सुट्टीत नाना माझ्या धाकट्या भावाला नदीवर आंघोळीला घेऊन गेले होते. तो सात वर्षांचा, मी चौदाची. साबण घाटाच्या वरच्या पायरीवर राहिला म्हणून नाना तो आणायला वळले. साबण घेऊन परत फिरले तेव्हा पाण्यावर कोणी नव्हतं.

त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी नाना एका सकाळी कारखान्यात जायला निघाले आणि गेलेच नाहीत. नऊ दिवस त्यांचा पत्ता नव्हता. "मालेगावला नणंदेकडे गेलेत," असं आई सगळ्यांना सांगत होती. दहाव्या दिवशी ते परत आले. दाढी वाढलेली, हाताला फोड, कपड्यांना ऑइलचा वास. आईने पाणी तापवून दिलं. कुठे होतात, हे तिने विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा कामावर जायला लागले. विमानाच्या कारखान्यात ते फिटर होते.

तर आता समुद्र. "मला नको. तुम्ही दोघं जाऊन या," आई म्हणाली. मी नाशिकला शाळेत शिकवत होते. नाताळची सुट्टी लागली आणि आम्ही दोघं निघालो.

एसटी दोन ठिकाणी बदलून तिसऱ्या गाडीने त्या गावात उतरलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. गाव खाली, माडांमध्ये. दीपगृह वर, कड्याच्या टोकाला. मी चहाच्या टपरीवर रस्ता विचारायला वळले, तोवर नाना चालायला लागले होते. विहिरीच्या मागून एक पायवाट वर चढत होती, रस्त्यावरून दिसतही नव्हती. नाना सरळ त्या वाटेला लागले.

"नाना, तुम्हाला कसं माहीत?"

"वर चल, सांगतो," एवढंच म्हणाले.

वर पोचलो आणि पुढे नुसता कातळ. काळा, सपाट, मधेमधे वाळलेलं पिवळं गवत. त्यातून कड्याच्या काठाकाठाने एक वाट दीपगृहाकडे जात होती, चुना लावलेले दगड दोन्ही बाजूंना मांडलेले. ऊन होतं, पण वाऱ्यामुळे अंगाला लागत नव्हतं. एवढ्या उजेडात एवढी ओसाड जागा मी आजवर पाहिली नव्हती. खाली कड्याच्या पोटात कुठेतरी गुहा असावी. लाट आत शिरली की थोड्या वेळाने पायाखालचा दगड घुमायचा. आवाज कानाला नव्हे, टाचांना कळायचा. एक घार आमच्या पायांच्या पातळीच्या खाली, हवेत, पंख न हलवता थांबली होती.

अर्ध्या वाटेवर नाना थांबले. तिथे कड्याच्या काठाला बसायला असावा तसा एक खडक होता.

"हितं बसलो होतो मी," ते म्हणाले. "त्या नऊ दिवसांत. परत जायचं नाय, असं ठरवून आलो होतो."

मी त्यांची बाही धरली.

"घाबरू नको. आता तसं काय नाय. तेव्हा चपला काढून ठेवल्या होत्या. उठून उभा राहिलो, आन् तेवढ्यात कोणीतरी हाक मारली. 'ओ फिटर!' अशी. कारखान्यात मारायचे ना, तशी. वळून बघितलं तर माणूस कुठंच नाय. नुसतं ते लाइटहाउस. मला वाटलं, तिथनंच मारली. गेलो. दारात एक बत्तीवाला मोटर उघडून बसला होता. दिवा फिरवायची मोटर जळालेली, जोडीदार रजेवर, आन् तो एकटा. दोन रात्री आम्ही दिव्याची भिंगं हातानं फिरवली. तिसऱ्या दिवशी मोटर चालू केली मी. मग आणखी दोन दिवस त्यानं मला ठेवून घेतलं आन् स्वतः एसटीत बसवलं. त्याला कधी थँक यू पण बोललो नाय. म्हणून आलोय."

दीपगृहावर आता दुसरा माणूस होता, तिशीचा, बोलका. त्याने सांगितलं, ते जुने बत्तीवाले काका रिटायर होऊन खाली गावातच राहतात, तब्येत बरी आहे. आम्ही तसेच खाली उतरलो. काका अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होते. नानांना त्यांनी लगेच ओळखलं. "मोटरवाले!" म्हणून दोन्ही हात धरले. त्यांच्या पत्नीने कोकम सरबत आणलं. नानांनी ग्लास न पिताच खाली ठेवला. मग म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही हाक मारली म्हणून मी आज हाय. येवढंच सांगायला आलो."

काकांनी सुपारीचे हात पुसले. "कसली हाक?"

"ओ फिटर, म्हणून."

"मी नाही हो मारली. मी आत होतो, मोटरीत डोकं घालून. तुम्ही दारात येऊन म्हणालात, 'काय बिघडलंय?' तेव्हा मी दचकलो. तुम्ही फिटर आहात हे मला कुठे ठाऊक होतं? ते संध्याकाळी कळलं."

"मग गावातलं कोणी असंल. मी तिकडं वाटेवरच्या खडकापाशी होतो."

"वर तेव्हा चिटपाखरू नसायचं. आणि त्या खडकापर्यंत दीपगृहावरची हाक पोचत नाही. वारा असतो ना. माझी बायको खालून जेवायला बोलवायला यायची, ती खडकापाशी घंटा वाजवायची."

तेरा वर्षं ज्या माणसाचे उपकार नाना मनात बाळगून होते, त्याने ती हाक मारलीच नव्हती. मला वाटलं, ते खचतील. पण ते उठले आणि खाली वाकून त्यांनी काकांच्या पायाला हात लावला. "ठेवून तर तुम्हीच घेतलं ना," म्हणाले.

मला मात्र चैन पडेना. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या तरुण बत्तीवाल्याला गळ घातली. आम्ही खडकापाशी उभं राहायचं, त्याने वरच्या सज्जातून 'ओ फिटर' असं पाच वेळा जीव खाऊन ओरडायचं, आणि प्रत्येक वेळी पांढरा टॉवेल हलवायचा. त्याला ते गमतीचं वाटलं. हसत हसत वर गेला.

आम्ही खडकापाशी उभे राहिलो. वर टॉवेल हलला. त्या माणसाचं तोंड उघडलेलं मला दिसत होतं, मान ताणलेली दिसत होती. आवाज शून्य. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच. माणूस जिवाच्या आकांताने ओरडतोय आणि आपल्यापर्यंत काहीच येत नाही, हे बघताना मी नानांच्या आणखी जवळ सरकले. चौथ्यांदा हलला. पाचव्यांदा हलला. मग तो टॉवेल खांद्यावर टाकून आत गेला.

त्याच वेळी नानांनी मान वळवली. दीपगृहाकडे नव्हे, उलट्या बाजूला, समुद्राकडे. तिकडे कड्याच्या पुढे जमीनच नव्हती.

"काय झालं?" मी विचारलं.

त्यांची नजर तिकडेच होती. "काय नाय."

"ऐकू आलं काही?"

"तेव्हाबी ह्याच बाजूनं आली होती," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं होतं, वारा आवाज फिरवतो."

पायाखालचा दगड घुमला. मी त्यांचा हात घट्ट धरला आणि म्हणाले, "नाना, चला आता." ते निमूट निघाले. पूर्ण वाट मी कड्याच्या बाजूने चालले आणि त्यांना आतल्या बाजूला ठेवलं. मला काहीही ऐकू आलं नव्हतं. तरीही वाट उतरून विहीर दिसेपर्यंत मी मागे वळून पाहिलं नाही.

घरी परतल्यावर नानांनी आईला सगळं सांगितलं. आई मेथी निवडत होती. ऐकताना तिचे हात थांबले नाहीत.

"मला माहीत होतं, तुम्ही परत यायला गेले नव्हते," ती म्हणाली. "घड्याळ आन् कारखान्याचा पास उशीखाली ठेवून गेलते. मालेगावचं मी लोकांसाठी बोलत होते."

"मग मला कधी विचारलं का नाय?"

"विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं. मला ते ऐकायचं नव्हतं." थोड्या वेळाने तिने विचारलं, "आवाज कसा होता? मोठ्या माणसाचा का?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी डोकं हलवलं, पण त्याचा अर्थ हो होता की नाही, ते मला कळलं नाही. आईला कळला असावा. तिने भिंतीवरच्या माझ्या भावाच्या फोटोकडे पाहिलं, पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाली, "जा, कुकर लाव."

नाना त्यानंतर सहा वर्षं जगले. त्या हाकेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. दिवाळीत मात्र काकांना न चुकता पत्र लिहायचे, आणि माघारी सुपारीचं पार्सल यायचं.