मुळे धरलेला मुद्देमाल

चोरीचा माल मुळासकट खणून नेलेला, अशी फिर्याद माझ्या नोकरीत एकदाच आली आणि ती अजूनही जशीच्या तशी आठवते. बैल, बकऱ्या, मोटारपंप, विजेच्या तारा, देवळातल्या घंटा, सगळ्यांच्या चोऱ्या मी पाहिल्या होत्या. झाडाची चोरी म्हणजे लाकडाची चोरी, असे आम्ही पोलीस समजून चालत असू. इथे लाकडाचा प्रश्नच नव्हता. माणसाच्या उंचीची, जिवंत कडुनिंबाची झाडे गेली होती.

मी तेव्हा अकोला जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा ठाणेदार होतो. दसरा नुकताच झाला होता. सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी चाळत बसलो होतो, तेवढ्यात एका ठेकेदाराचा सुपरवायझर घाम पुसत आत आला. माळावर लावलेली झाडे चोरीला गेली आहेत, तपासणीचे पथक येणार आहे आणि संख्या भरली नाही तर आम्ही अडकू, असे तो एका दमात म्हणाला. मी त्याला आधी पाणी दिले. घाईत दिलेली फिर्याद पुढे कोर्टात फार त्रास देते.

ही झाडे तिथे का लावली, ते त्याने मग समजावून सांगितले. अमरावती जिल्ह्यात वरुडकडचा रस्ता रुंद करताना दुतर्फाची जुनी झाडे तोडली होती. नियमाप्रमाणे तोडलेल्या झाडांच्या बदल्यात नवी झाडे लावावी लागतात, तोडली त्यापेक्षा जास्तच. मात्र ती कुठे लावायची, याचे बंधन नव्हते. जागा मिळाली ती आमच्या हद्दीतल्या माळावर. म्हणून तिकडच्या रस्त्याची भरपाई शेजारच्या जिल्ह्यात उभी राहिली होती.

तो रस्ता माझ्या ओळखीचा होता. फौजदार म्हणून माझी पहिली नेमणूक त्याच बाजूला होती. शेंदूरजनाघाटच्या बाजाराचा बंदोबस्त करून मोटारसायकलवर परतताना दोन्ही बाजूंच्या निंब-चिंचांच्या फांद्या डोक्यावर एकमेकींत गुंतलेल्या असत. वैशाखातसुद्धा त्या रस्त्यावर टोपी काढून गाडी चालवता येई. थांब्याथांब्यावर बाया संत्र्यांचे ढीग आणि शेवंतीच्या वेण्या घेऊन सावलीत बसलेल्या असत, आणि ‘साहेब, गोड हाय, खाऊन तं पाहा’ म्हणत एखादे संत्रे सोलून हातावर ठेवत. तरुण वय, अंगावर नवी वर्दी आणि वर ती सावली. त्या दिवसांइतका सुखाचा काळ नोकरीत पुन्हा आला नाही, हे मी सरळच सांगतो.

गुन्हा नोंदवून, दोन पंच आणि हवालदाराला घेऊन मी माळावर गेलो. कुंपणाच्या आतल्या एका कोपऱ्यात गोल खड्डे होते. कुदळीने कसेही उकरलेले नव्हते. मुरमाड जमिनीत कडा इतक्या नीट कापल्या होत्या, की पाऊस पडून गेला तरी त्या ढासळल्या नव्हत्या. आजूबाजूला कुजलेल्या गोणपाटाच्या चिंध्या आणि सुतळीचे तुकडे पडले होते. हवालदार म्हणाला, ‘साहेब, चोर मोठा टापटिपीचा दिसते.’ मलाही तसेच वाटले. चोराला सहसा घाई असते, याला नव्हती.

सुपरवायझरचा संशय बकऱ्या चारणाऱ्या एका म्हाताऱ्यावर होता. कुंपण घातले तेव्हा तो भांडला होता. त्याला ठाण्यात बोलावले, तर तो मलाच झापायला लागला. ‘मी काहून चोरीन जी? माह्या बकऱ्या एका दिवसात शेंड्यासकट खाऊन टाकतेत. मी खड्डे खंदत बसू का उन्हातान्हात?’ या बचावात मला एकही खोट सापडली नाही. जाता जाता तो दारात थांबला आणि म्हणाला, ‘नेले थे बरंच झालं. हे गवताचं रान व्हतं. तितर-लावे अंडे घालत. कुंपण झालं, मानसं आले, पाखरं गेले. कोनाचं पाप फेडासाठी आमच्या रानावर झाडं लावले, थे तुमीच इचारा.’ ते विचारण्याचा अधिकार माझ्याकडे नव्हता, पण त्याचे म्हणणे डोक्यातून गेलेही नाही.

राहिला माळावरच्या झाडांवर नेमलेला चौकीदार. खोटे बोलणारा माणूस तपशील फार देतो आणि घाबरलेला माणूस तपशील गिळतो, असा माझा अनुभव आहे. हा गिळत होता. चहा मागवला, घरच्यांची विचारपूस केली, तेव्हा तो रडायलाच लागला. चोरी भर दिवसा झाली होती, पावसाळ्यात. एक मालवाहू गाडी आली. आतल्या दोघांनी झाडे दुसरीकडे हलवायची आहेत म्हणून सांगितले. हा बिचारा त्यांना ठेकेदाराचीच माणसे समजला आणि झाडे गाडीत चढवायला त्याने स्वतः हात लावला. नंतर लक्षात आले, तेव्हा भीतीने तोंड बंद ठेवले.

‘काही ध्यानात आहे का?’ मी विचारले.

‘सत्तावीस नंबरची गाडी व्हती साहेब. मांगं संत्र्याचे रिकामे क्रेट व्हते. अन् त्यातला बुढा हरेक झाडाले खंदाच्या आधी हात जोडे.’

सत्तावीस म्हणजे अमरावतीची गाडी, आणि क्रेट संत्र्याचे. मी वरिष्ठांची परवानगी घेतली आणि हवालदाराला जीपमध्ये बसवून निघालो. रिद्धपूर मागे पडले, वरुडचा रस्ता लागला आणि मी जुने थांबे शोधू लागलो. रस्ता गुळगुळीत झाला होता, पण दोन्ही बाजूंना नुसते ऊन होते. कुठला थांबा कुठे होता, तेही ओळखू येईना. हवालदाराने दोनदा विचारले, ‘साहेब, तबियत ठीक हाय ना?’

शेंदूरजनाघाटच्या अलीकडे एका गावाच्या थांब्यावर मात्र रस्त्याकडेला कोवळ्या निंबांची रांग दिसली. पोलिसाला नुसत्या निंबावरून काही सिद्ध करता येत नाही, निंब सगळीकडे असतो. पण या निंबांच्या बुंध्यांना गुडघ्यापर्यंत निळसर लेप दिलेला होता. मोरचूद आणि चुन्याचा तो लेप संत्र्याच्या झाडाला देतात, डिंक्या रोग होऊ नये म्हणून. आमच्या वलगावच्या शेतात संत्र्याची चार झाडे होती, वडील त्यांना दरवर्षी न चुकता द्यायचे. निंबाला तो कोणी देत नाही, निंबाला त्याची गरजच नसते. जन्मभर संत्री सांभाळलेल्या माणसाचाच हात तिथे फिरला होता. खड्ड्यांच्या त्या गोल कडाही मग उलगडल्या. संत्र्याची कलमे विकणारे लोक मुळाभोवतीची माती न फोडता झाड असेच कापून काढतात आणि गोणपाटात बांधतात.

मी जीप थांबवली. थांब्यावर एक बाई संत्री मांडून बसली होती. मी साध्या कपड्यांत होतो. ‘बाई, निंबाला मोरचूद कोणी लावला हो?’

‘आमच्या काकाजीनं. कलमवाले हायेत ना थे. आमी हासलो त्याहिले, म्हनलं निंबाले काय होते? तं म्हने, मले लावल्याबिगर चैन पडत नाई.’ एवढे कौतुकाने बोलून तिने जीपमधल्या हवालदाराची खाकी पाहिली आणि तिचा चेहरा उतरला.

काकाजी स्वतःच चालत आले. सत्तरीचे, काटक, डोक्याला पांढरा रुमाल. म्हणाले, ‘मले माहीत व्हतं कोनी ना कोनी येईन. झाडं म्याच आनले. तुमी आधी पानी घ्या.’

तिथल्याच ठाण्यात जबाब घेताना निराळीच गंमत झाली. गाडीचा मालक हा काकाजींचा जुना मित्र, संत्र्याचा व्यापार करणारा एक मुसलमान गृहस्थ. तो आम्ही बोलावले नसताना हजर झाला आणि म्हणाला, ‘साहब, गाडी मेरी, हाथ मेरे. इनको तो मैं जबरदस्ती ले गया था. बुजुर्ग आदमी हैं, इनको घर जाने दो.’ काकाजी उसळले, ‘खोटं बोलून राह्यला साहेब हा! याले निंब अन् बकान-निंब यातला फरक समजत नाई. हा का झाडं आनते?’ आरोपी एकमेकांवर ढकलतात, हे मी वर्षानुवर्षे पाहिले होते. गुन्हा आपल्याच अंगावर ओढून घेण्यासाठी भांडणारे हे दोघेच पाहिले. हवालदार तर तोंड फिरवून हसायला लागला.

मग मी विचारले, ‘काकाजी, झाडेच हवी होती तर नर्सरी तुमची स्वतःची आहे. चोरी कशाला?’

त्यांनी डोक्याचा रुमाल सोडून हातात घेतला. ‘माही बहीन त्या थांब्यावर फुलं विके. निंबाच्या बुडाशी. झाडं तोडले तरी थे तिथंच बसे, गिऱ्हाईक तिथंच येते म्हने. छत्री देल्ली, तं हवेनं उडून जाये. औंदाच्या उन्हायात तिले ऊन लागलं, दवाखान्यापर्यंतबी नेता आलं नाई.’ त्यांनी रुमालाने डोळे पुसले. ‘मी रस्त्याच्या हापिसात गेलो. म्हनलं, आमचे झाडं द्या. तं म्हने, देल्ले ना, अकोल्याले लावले. साहेब, झाडं तुटले इथं, बहीन गेली इथं, अन् सावली पडली अकोल्याच्या माळावर. मंग मी आमचे आमचे झाडं घेऊन आलो.’

हवालदाराने पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. 

पण कायदा आपल्या जागी होता. चोरी झाली होती आणि मुद्देमाल जप्त करणे भाग होते. मी तसे सांगताच काकाजी ताडकन उभे राहिले. ‘म्हंजे उपटसान? आत्ता? नवे पानं फुटले त्याहिले. दुसऱ्यांदा मुळं तुटले तं एकबी जगनार नाई. मले आत टाका, पाह्यजे तितके दिवस टाका, पन झाडाले हात लावू नका.’ तुरुंगाची त्यांना काही भीती नव्हती. त्यांचा सगळा जीव त्या रांगेत होता.

झाडे सापडल्याचे कळताच दुसऱ्या दिवशी सुपरवायझर मजूर आणि ट्रॅक्टर घेऊन त्या थांब्यावर हजर. गावातल्या बाया झाडांना पाठ लावून उभ्या. माझ्याही आधी गावाचा सरपंच येऊन पोचला होता. सुपरवायझर म्हणाला, ‘साहेब, आमचा माल आहे. कुठेही उभा करून फोटो काढला, की संख्या भरते.’ मी पंचनाम्याला बसलो आणि लिहिले, की मुद्देमालाने जमिनीत मुळे धरली असून त्यास नवी पालवी आहे, तो हलविल्यास नष्ट होईल, सबब जागेवरच जप्त करून सुपूर्दनाम्यावर ग्रामपंचायतीच्या ताब्यात देत आहे. सरपंचाची सही घेतली. मग सुपरवायझरला म्हणालो, ‘आता हा माल पोलिसांचा. कोर्टाच्या हुकमाशिवाय एका पानाला जरी हात लावलात, तर दुसरा गुन्हा तुमच्यावर.’ ट्रॅक्टर वळला. मागे बायांचा एकच कालवा झाला.

खटला व्हायचा तसा लांबत गेला. कोर्टाच्या तारखांना लोक शिव्या देतात, मीही दिल्या आहेत. या एका खटल्यात मात्र पुढची तारीख पडली की मला बरे वाटायचे, कारण दर तारखेला मुद्देमाल वीतभर वाढलेला असायचा.

हानी आणि भरपाई यांत संख्या जुळली म्हणजे हिशेब मिटला, असे कागद मानतो. ज्याचे गेले त्याच्या दारात काही परत आले का, हे कागद विचारत नाही. बकऱ्यावाल्या म्हाताऱ्याचे गवत गेले ते तर कोणाच्या हिशेबातच नव्हते. एका जागची हानी भरण्यासाठी दुसऱ्या जागी नवी हानी केली गेली होती, आणि फिर्याद मात्र भरपाई चोरीला गेल्याची होती. या प्रकरणानंतर कोणतीही फिर्याद हाती आली, की नक्की कुणाचे काय गेले, हे मी आधी विचारू लागलो.

शेवटी दोघांनीही गुन्हा कबूल केला. कोर्टाने त्यांना किरकोळ दंड आणि कोर्ट उठेपर्यंतची कैद दिली. झाडे आहेत तिथेच ठेवावीत, असा हुकूम झाला. ठेकेदारानेही हरकत घेतली नाही, जप्तीचा पंचनामा दाखवून त्याची तपासणी केव्हाच पार पडली होती. ते दोघे मित्र दिवसभर कोर्टाच्या बाकावर मांडीला मांडी लावून बसले, घरून आणलेली भाकर वाटून खाल्ली. संध्याकाळी न्यायाधीश उठले, तसे काकाजी माझ्याजवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, ‘साहेब, एक इचारू का? सजा तं भोगली. आता थे झाडं चोरीचे नाई राह्यले ना?’

‘नाही राहिले, काकाजी,’ मी म्हणालो.

कायद्याने ते उत्तर बरोबर होते की चूक, हे मी आजवर एकाही वकिलाला विचारलेले नाही.