अण्णांच्या मशीनचं नाव

माणूस गेल्यावर त्याचं नाव कधी पुसायचं असतं? मला खरंच माहीत नाही.

आज आमच्या चादरींच्या कारखान्याच्या ऑफिसात मी नेम सर्व्हर बसवला. आता नेटवर्कवरचं कुठलंही मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, आकडी पत्त्याऐवजी नावानं उघडतं. आमच्याकडे जो बसतो त्याचंच नाव मशीनला. बिलं करणारे अण्णा गेल्या महिन्यात वारले. साहेब म्हणाले, "तिथं 'बिल' टाक."

टाकलं.

दुपारी पलीकडच्या टेबलावरून सुनीताताई ओरडल्या, "अगं, 'अण्णा' लिहिलं तर उघडंना की!" आणि अण्णांच्या रिकाम्या खुर्चीकडं बघायला लागल्या.

घरातली पहिली पदवीधर मी, सुरुवातीला इथं बुजून बसायचे. तेव्हा अण्णाच म्हणाले होते, "पोरी, विचार की, लाजतीस कशाला?"

मी त्या मशीनला 'अण्णा' हे दुसरं नाव जोडलं आणि साहेबांना सांगून आले, हे मी काढणार नाही.