थंडीतली राजधानी

मी चौथीत दुसऱ्यांदा नापास झाले, तेव्हा रजेवर आलेल्या वडिलांनी माझी बुद्धी मोजायला पुण्याचे एक मानसशास्त्राचे मास्तर फ्रीगंजातल्या घरी बोलावले. लाकडी ठोकळे मी पटापट जुळवले. मग त्यांनी विचारलं, "आपल्या मध्य भारत राज्याची राजधानी कोणती?"

"आता थंडी आहे, म्हणजे ग्वाल्हेर. उन्हाळ्यात इंदूर."

मास्तरांनी कीव येऊन वडिलांकडे पाहिलं.

सरकारी कारकून असलेले वडील म्हणाले, "बरोबर आहे तिचं. दर साली आम्ही अख्खं दफ्तर पेट्यांत भरून इकडून तिकडे नेतो."

"आणि यांचा बिस्तरा मी बांधते," आई आतून म्हणाली.

मास्तरांनी ठोकळे पिशवीत भरले आणि वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला.

"पोरीला रागावू नका. हे घराण्यातच आहे."